एक चूल, एक कार्ड: बेळगाव सीमाभागात रेशनसाठी कुटुंब कसं ठरवायचं

रेशन कार्डाच्या अर्जात उत्पन्न, जमीन आणि गाडीच्या आधी घरातल्या माणसांची यादी मागतात. बरेच अर्ज तिथेच बिघडतात, कारण लोक उलटीकडून सुरुवात करतात. आधी उत्पन्नाची मर्यादा बघायची आणि मग तिच्यात मावतील तेवढीच नावं ठेवायची, अशी ती पद्धत. खरा क्रम असा: आधी चूल ठरवा, मग त्या चुलीवर जेवणारी माणसं मोजा, आणि शेवटी त्या सगळ्यांचं मिळून उत्पन्न, जमीन आणि गाडी निकषाला लावा. एक माणूस एकाच कार्डावर असतो, आणि त्या कार्डावरच्या एकाही माणसाला निकष आडवा आला तर दारिद्र्यरेषेखालचं (बीपीएल) कार्ड सगळ्यांचंच जातं.

चूल म्हणजे नेमकं काय

जनगणनेत कुटुंबाची व्याख्या सोपी आहे. जी माणसं सहसा एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवतात ते एक कुटुंब. कामानिमित्त कुणी बाहेर असला तरी तो त्यातून वगळला जात नाही. चौकशीला येणारे आहार (म्हणजे रेशन) खात्याचे निरीक्षक किंवा तलाठी (हल्ली त्यांना ग्राम आडळिताधिकारी म्हणतात) प्रत्यक्षात हेच बघतात. छप्पर एक आहे का, हा मुद्दा दुय्यम असतो. येळ्ळूर-उचगावकडच्या जुन्या घरात सोप्यापासून परड्यापर्यंत तीन भाऊ राहत असतील, तिघांचा दरवाजा एकच असेल, तरी भात तीन ठिकाणी शिजत असेल तर ती तीन कुटुंबं. उलट गावठाणात एक घर आणि शेतात दुसरं, पण डबा एकाच चुलीवरून जातो, तर कुटुंब एकच.

वेगळी चूल दाखवायला उपयोगी पडणारी कागदं म्हणजे स्वतःच्या नावाचं गॅस पुस्तक, हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) वेगळं मीटर आणि आरआर नंबर (वीजग्राहक क्रमांक), ग्रामपंचायतीतली घरपट्टीची वेगळी नोंद. यांपैकी एकही कागद एकट्याने पुरेसा नाही, आणि एखादा नसला म्हणून वेगळेपण खोटंही ठरत नाही. भाऊ वेगळे होऊन दहा वर्षं झाली तरी मीटर वडिलांच्या नावावरच चालू, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. अशा वेळी शेजाऱ्यांसमोर होणारा पंचनामा वजनदार ठरतो, म्हणून त्या दिवशी घरी असा आणि दुसरी चूल दाखवा. नुसतं स्टँपपेपरवर वाटणीपत्र करून आलेल्यांची मात्र इथेच फजिती होते. कागदावर वाटणी, पण घरात एकच गॅस, एकच पाण्याची टाकी आणि ओट्यावर सासू-सून दोघी मिळून भाकऱ्या थापतायत, हे बघणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. जमिनीची वाटणी आणि चुलीची वाटणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जमीन सामाईक ठेवून चुली वेगळ्या असू शकतात, आणि जमीन वाटून घेऊन एका चुलीवर जेवणारे भाऊही आहेत.

बाहेरगावी असलेली माणसं

खानापूर तालुक्यातल्या कितीतरी घरांतला एकजण गोव्यात किंवा पुण्यात असतो, निपाणी-चिक्कोडीकडचे कोल्हापूर-इचलकरंजीला कामाला जातात. यांना मोजताना एवढंच विचारा: बायको-मुलं कुठे जेवतात? माणूस एकटा बाहेर आहे, पैसे घरी पाठवतो, सणाला आणि सुगीला परत येतो, तर तो गावच्या कुटुंबातच धरायचा आणि त्याची कमाईही गावच्या कार्डाच्या उत्पन्नात धरायची. बायको-मुलांसह तिकडे बिऱ्हाड केलं असेल तर ते वेगळं कुटुंब, मग गावी त्यांची कितीही ओढ असो. वसतिगृहातला विद्यार्थी घरचाच. घरी मुक्कामाला ठेवलेला गडी किंवा भाडेकरू तुमच्या कार्डावर येत नाही. त्याचं नाव त्याच्या स्वतःच्या घरच्या कार्डावर असतं.

घरात जवान असेल तर नीट विचार करून ठरवा. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यामुळे हा प्रश्न इथे घरोघरी आहे. कायम सरकारी नोकरी असलेला माणूस ज्या कार्डावर, ते कार्ड दारिद्र्यरेषेखालचं राहत नाही. पण मुलगा फौजेत आहे म्हणून वेगळ्या चुलीवर राहणाऱ्या म्हाताऱ्या आईवडिलांचा हक्क आपोआप जात नाही. जवान, त्याची बायको आणि मुलं त्यांच्या कार्डावर नसली पाहिजेत, आणि ती खरोखरच वेगळी राहत असली पाहिजेत. सून-नातवंडं त्याच घरात, त्याच चुलीवर असताना फक्त जवानाचं नाव गाळणं म्हणजे माहिती लपवणं झालं.

गोव्यात किंवा महाराष्ट्रात असलेल्या माणसाला रेशनसाठी तिथे दुसरं कार्ड काढायची गरज नाही. एक देश एक रेशन कार्ड या सोयीखाली कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा ही तिन्ही राज्यं जानेवारी २०२० पासून आहेत. कार्ड नंबर किंवा आधार नंबर सांगून आणि अंगठा लावून तिथल्या रेशन दुकानात धान्य घेता येतं, आणि घरच्यांच्या वाट्याचं गावातच ठेवून स्वतःपुरतं काही किलो तिकडे उचलता येतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: परराज्यात फक्त केंद्राचा वाटा मिळतो. कर्नाटक सरकारची अन्नभाग्य योजनेची भर मिळत नाही.

सून आणि लेक: सीमेवरची खरी गुंतागुंत

लग्न झालं की लेकीचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी करायचं आणि सासरी वाढवायचं. हे सगळ्यांना माहीत असतं, पण करायचं राहून जातं. चंदगड, गडहिंग्लज, कागल, मिरज या बाजूची सून बेळगाव, निपाणी किंवा अथणीला आली की दोन राज्यांच्या दोन संगणक यंत्रणा मध्ये येतात. तिचं आधार महाराष्ट्रातल्या कार्डाला जोडलेलं असेल तोवर इथे नाव चढवताना ते दुबार दिसतं आणि अर्ज अडतो. म्हणून क्रम पाळा. आधी माहेरच्या तहसील कार्यालयात नाव कमी करून तसा दाखला घ्या. मग आधारवरचा पत्ता सासरचा करा. मग इथे नाव वाढवायचा अर्ज, विवाह नोंदणी दाखल्यासह. तिन्ही कामं एका दमात करायला गेलं तर मधलंच अडतं, कारण आधारवर कर्नाटकातला पत्ता नसेल तर पुढची पायरी होत नाही.

आडनावाचाही घोळ असतो. आधारवर माहेरचं नाव, विवाह दाखल्यावर सासरचं, आणि आपल्याकडची नाव-नवऱ्याचं नाव-आडनाव ही तीन पदरी पद्धत. कर्नाटकात कन्नडमधून आणि इंग्रजीतून नाव चढताना कधी मधलं नाव गळतं, कधी आद्याक्षर होतं. आधी आधार दुरुस्त करा आणि बाकी सगळे कागद आधारच्या स्पेलिंगशी जुळवा. उलट दिशेने, म्हणजे कार्डावरच्या चुकीला धरून आधार बदलायला, जाऊ नका.

माहेरी परत आलेली लेक ही वेगळी बाब. विधवा असो वा नवऱ्याने टाकलेली, ती आणि तिची मुलं आईवडिलांच्या चुलीवर जेवत असतील तर ती त्याच कुटुंबात धरायची. सासरच्या कार्डावरून तिचं नाव कमी व्हायला हवं, आणि सासरचे आडमुठेपणा करत असतील तर सरळ तहसील कार्यालयातल्या आहार शाखेत लेखी अर्ज द्या. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला किंवा न्यायालयातला कागद असेल तर जोडा, नसेल तर ती सध्या राहते त्या गावच्या पंचायतीचा रहिवासी दाखला. तिने आईवडिलांच्या घरातच वेगळी चूल मांडली असेल तर ती स्वतंत्र कुटुंब ठरते आणि तिचं स्वतःचं कार्ड होऊ शकतं. घरात पुरुष नाही म्हणून कार्ड मिळणार नाही, असं कुणी सांगितलं तर ते साफ चूक आहे.

कुटुंबप्रमुख कोण

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ च्या कलम १३ प्रमाणे कार्डापुरती कुटुंबप्रमुख म्हणजे घरातली १८ वर्षं पूर्ण झालेली सगळ्यात मोठी स्त्री. अशी स्त्री घरात नसेल तर सगळ्यात मोठा पुरुष, आणि मुलगी १८ वर्षांची झाली की प्रमुखपद तिच्याकडे येतं. घरात सासू असेल तर साधारण सासूच प्रमुख, धाकटी जाऊ किंवा थोरली जाऊ नव्हे.

ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालेल्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये कार्डावरच्या कुटुंबप्रमुख स्त्रीला मिळतात. त्यामुळे हा रकाना आता घरातल्या भांडणाचा झाला आहे आणि वेगळ्या कार्डांची घाई सुरू झाली आहे. या घाईला धान्याचं कारण सहसा नसतं. हिशेब बघा. केंद्राचं धान्य माणशी महिना ५ किलो, मोफत. आठ माणसं एका कार्डावर असोत की चार-चार अशी दोन कार्डांवर असोत, धान्य ४० किलोच. तान्ह्या बाळाचेही ५ किलोच, अर्धं युनिट वगैरे जुनं गणित गेलं. कर्नाटकाची अन्नभाग्यची भर यावर वेगळी. ती कधी तांदळाने, कधी २०२३ सारखी किलोला ३४ रुपये रोख अशी मिळते, आणि सरकारी आदेशानुसार तिचं रूप बदलतं. पण तांदूळ किंवा रोख मिळते तेव्हा तीही माणशीच.

अंत्योदय कार्डाचं (सगळ्यात गरीब घरांच्या कार्डाचं) गणित वेगळं. तिथे माणसं कितीही असोत, केंद्राचे ३५ किलो कुटुंबाला ठरलेले. तीन माणसांच्या घराला ते फायद्याचं, सात माणसांना बरोबरीचं, नवव्या-दहाव्या माणसाला तोट्याचं. अंत्योदय घर फुटलं तर अंत्योदय एकाच चुलीकडे राहतं आणि दुसऱ्या चुलीला नव्याने अर्ज करावा लागतो. ते कुणाकडे राहावं हे घरातच आधी ठरवा. शक्यतो म्हातारी, विधवा, अपंग माणसं ज्या चुलीवर त्यांच्याकडे.

आता निकष

चूल ठरली, माणसं ठरली. आता त्या सगळ्यांचं वार्षिक उत्पन्न एकत्र करा. कर्नाटकात मर्यादा १ लाख २० हजार रुपये, म्हणजे महिन्याला सरासरी १० हजार. कोल्हापूरकडच्या पाहुण्यांनी सांगितलेले ४४ हजार (खेड्यात) आणि ५९ हजार (शहरात) हे आकडे महाराष्ट्राचे आहेत, इथे लागू नाहीत. पिवळं-केशरी कार्डही तिकडचंच.

जमिनीत ३ हेक्टर कोरडवाहू किंवा तितक्या मोलाची बागायत ही हद्द आहे. ३ हेक्टर म्हणजे ७ एकर साडेसोळा गुंठे. घोटाळा होतो तो सामाईक उताऱ्यामुळे. आजोबांच्या नावावर १५ एकर, चार काका वारस, आणि उताऱ्यावर तुमचं नाव इतरांसोबत दिसतं. पूर्ण उतारा बघून अर्ज बाद होतो. वारसा नोंद करून घ्या आणि हिश्शाचा हिशेब कागदावर मांडून सोबत जोडा. वेगळी चूल असली तरी जमिनीची नोंद वेगळी नसेल तर सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो.

चारचाकी असेल तर बाद, पण पोटापाण्यासाठी स्वतः चालवायचं एक वाहन, ट्रॅक्टर, टॅक्सी, मॅक्सीकॅब, याला सूट. यलो बोर्डाच्या (पिवळ्या नंबरप्लेटच्या, भाड्याच्या) गाडीला ही सूट मिळते, व्हाईट बोर्डाची जुनी ओम्नी मात्र अडचणीत आणते, मग ती बंद पडून परड्यात उभी का असेना. विकली असेल तर आरटीओत नाव बदललं का ते बघा. शहरात स्वतःचं १,००० चौरस फुटांपेक्षा मोठं पक्कं घर असेल तरी बाद. आयकर, जीएसटी, व्यवसायकर भरणारं कुणी त्या चुलीवर असेल तरी बाद. कर्ज काढण्यासाठी शून्य कराचं रिटर्न भरलेलं असतं, त्यामुळेही काहींची कार्डं तपासणीत अडकतात. रिटर्न भरणं आणि कर भरणं यांत फरक आहे. कर शून्य दाखवणारी प्रत जपून ठेवा, नोटीस आली तर तीच उपयोगी पडेल.

अर्ज भरताना

ग्राम वन किंवा कर्नाटक वन या सरकारी सेवा केंद्रावर जाण्याआधी उत्पन्न आणि जातीचा दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) काढून घ्या. दाखल्यावरचा आरडी नंबर अर्जात लागतो. उत्पन्नाचा दाखला कुणाच्या नावाचा आणि कोणत्या कुटुंबासाठी हे बघा. वडिलांच्या एकत्र कुटुंबाचा दाखला घेऊन वेगळ्या चुलीचा अर्ज केला तर दोन्ही कागद एकमेकांना खोटं पाडतात. सहा वर्षांखालच्या मुलांना जन्मदाखला लागतो, आणि आधार असेल तर तेही सोबत न्या. घरातल्या प्रत्येकाच्या आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला असणं सोयीचं.

अर्ज कन्नडमध्ये असतो. पडितर चीटी म्हणजे रेशन कार्ड, कुटुंबद मुख्यस्थरु म्हणजे कुटुंबप्रमुख, सेर्पडे म्हणजे नाव वाढवणं, तिद्दुपडी म्हणजे दुरुस्ती, आदाय म्हणजे उत्पन्न, न्यायबेले अंगडी म्हणजे रेशन दुकान (आपल्याकडे बऱ्याच गावांत ते पीकेपीएस, म्हणजे गावची प्राथमिक कृषी पत्तीन सोसायटी, चालवते). ऑपरेटरने टाइप केलेलं सबमिट करण्याआधी प्रत्येक सदस्याचं नाव आणि नातं मोठ्याने वाचून घ्या. नात्याच्या रकान्यात सुनेऐवजी मुलगी पडली तर ती चूक पुढे गृहलक्ष्मी, विधवा वेतन अशा सगळीकडे पाठ सोडत नाही.

वेगळं व्हायचं असेल तर सगळ्यात मोठा धोका इथे आहे. जुन्या कार्डावरून नाव कमी केल्याशिवाय नवीन कार्ड होत नाही, आणि नवीन कार्डांचे अर्ज बारमाही घेत नाहीत. कधी चालू, कधी बंद, दुरुस्तीची सोयही ठरावीक दिवशीच असते. घाईने नाव कमी करून बसलात आणि नवीन अर्ज बंद असतील तर मधल्या महिन्यांत धान्य ना इथे ना तिथे. आधी केंद्रावर किंवा आहार शाखेत नवीन अर्ज चालू आहेत का विचारा, आणि मगच जुन्या कार्डाला हात लावा. नाव कमी करायला जुन्या कार्डाच्या प्रमुखाचा अंगठा लागतो, तेव्हा सासूशी बोलणं बंद होण्याआधी हे काम उरकलेलं बरं.

ई-केवायसी (अंगठा लावून आधारशी ओळख पटवणं) प्रत्येक माणसाची स्वतंत्र होते. एका माणसाची राहिली तर त्याच्यापुरतं धान्य थांबतं. निपाणीच्या विडी-तंबाखूतल्या बायकांचे, वडगाव-शहापूरच्या विणकरांचे अंगठे घासलेले असतात. दुसरं बोट लावून बघा, तेही नाही चाललं तर आधार केंद्रात दहाही बोटांचे ठसे नव्याने द्या. मुलांचे ठसे पाच आणि पंधरा वर्षांना नव्याने द्यावे लागतात. सलग सहा महिने धान्य न उचललेलं कार्ड थांबवलं जाऊ शकतं, त्यामुळे ज्या घरातली सगळी माणसं बाहेर आहेत त्यांनी तिकडे तरी धान्य उचलावं.

मृत माणसाचं नाव वेळेत कमी करा. कुटुंबप्रमुख सासू वारली तर धान्य घरातल्या दुसऱ्या कुणाच्याही अंगठ्यावर मिळतं, म्हणून लोक महिनोन्महिने तसंच चालवतात. पण नवीन प्रमुखाची नोंद झाल्याशिवाय गृहलक्ष्मीचे पैसे पुढच्या बाईला मिळत नाहीत, आणि मधल्या काळात जुन्या खात्यावर पैसे जमा होत राहिले तर ते परत मागितले जातात.

नाकारलं तर

तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. कारण लेखी मागा. गाववार कार्डधारकांची यादी आहार खात्याच्या संकेतस्थळावर असते. तिथे आपलं आणि माहेर-सासरच्या घरांचं कार्ड काढून बघितलं की कुठे दुबार नाव अडकलंय ते बऱ्याचदा तिथल्या तिथे कळतं. तक्रार आधी तालुक्याच्या आहार शाखेत, मग अन्न सुरक्षा कायद्याखाली नेमलेल्या जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, आणि तिथेही दाद लागली नाही तर राज्य अन्न आयोगाकडे. फोनवर तक्रारीसाठी १९६७.

तक्रारीचा अर्ज मराठीत दिला म्हणून परत करता येत नाही. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत तक्रारीचं निवेदन देता येतं. हक्क आहे तो वापरा, पण सोबत कन्नड प्रत जोडली तर फाईल टेबलावरून लवकर हलते, हेही तितकंच खरं. दोन्ही प्रतींवर पोच घ्या, तारखेसह.